उपग्रहाच्या नजरेतून रेडीची वनश्री

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात रेडी हे गाव वसले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस मिठागरांसाठी आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी ओळखले जाणारे शिरोडे, दक्षिणेस गोव्याची हद्द आणि तेरेखोलची खाडी, अशी या गावाची चतुःसीमा. यशवंतगडाचा किल्ला, किनाऱ्यालगतच्या माडांच्या बागा, डोंगरउतारावरील काजू-आंबा, सखल भागातील भाताचे मळे, खाडीकाठची खाजणे आणि कांदळवने, जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि या सर्वांच्या मधोमध लोहखनिजाच्या खाणी व खनिजाची निर्यात करणारे बंदर हे सारे या एका गावाच्या परिसरात एकवटले आहे. महाराष्ट्राच्या सागरी पट्टीतील जवळजवळ प्रत्येक प्रकारची जमीन येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळते. यास्तव उपग्रहचित्रांच्या साहाय्याने वनस्पतींचा अभ्यास कसा करतात, हे समजून घेण्यास रेडीचे उदाहरण फार सोयीचे आहे.

या परिसरात हिरवे आच्छादन किती, असा प्रश्न विचारला तर त्याची तीन निरनिराळी उत्तरे मिळू शकतात. पीकपाहणीवरून एक, वनखात्याच्या नकाशावरून दुसरे आणि उपग्रहचित्रावरून तिसरे. ही उत्तरे जुळत नाहीत म्हणून त्यांतील दोन खोटी ठरतात असे नव्हे. पीकपाहणी धारकाची लागवड नोंदवते, वनखात्याचा नकाशा जमिनीचा कायदेशीर दर्जा दाखवतो, आणि उपग्रह केवळ पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश मोजतो. परंतु खाणपट्ट्याची मंजुरी, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची आखणी, वादळानंतरचे पंचनामे, वृक्षलागवडीचे मूल्यमापन अशा अनेक निर्णयांत आज उपग्रहाचे उत्तर पुढे ठेवले जाते. ते उत्तर कसे तयार होते आणि त्यावर कोठवर विसंबावे, हे अधिकाऱ्याला, शिक्षकाला आणि पंचायत सदस्याला ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पान प्रकाशाचे काय करते?

सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना दिसणारे रंग असतात, तसेच डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. झाडाच्या पानातील हरितद्रव्य अन्न तयार करण्यासाठी निळा आणि तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हिरवा प्रकाश त्या मानाने अधिक परत येतो, म्हणून पान हिरवे दिसते. मात्र तांबड्या रंगाच्या लगत, दृश्य वर्णपटाच्या पलीकडे असलेल्या निकट-अवरक्त किरणांचा हरितद्रव्याला उपयोग नसतो. पानाच्या आतील पेशींच्या सच्छिद्र रचनेतून हे किरण विखुरतात आणि त्यांतील बराच भाग परत फेकला जातो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत असते, तर पावसाळ्यातील कोकण झगझगीत उजळलेले दिसले असते.

निरोगी पान तांबडा प्रकाश गिळते आणि निकट-अवरक्त किरण परत करते. पान वाळू लागले की हरितद्रव्य घटते, तांबडे परावर्तन वाढते आणि अवरक्त परावर्तन उतरते. माती, जांभा आणि वाळू यांच्या बाबतीत या दोन परावर्तनांत फारसे अंतर नसते. पाणी तर अवरक्त किरण जवळजवळ संपूर्ण शोषून घेते. निसर्गातील या साध्या भेदावर वनस्पतींच्या उपग्रह-अभ्यासाची सारी इमारत उभी आहे.

हा भेद एका आकड्यात मांडण्यासाठी निकट-अवरक्त परावर्तनातून तांबडे परावर्तन वजा करतात आणि येणाऱ्या संख्येला त्या दोघांच्या बेरजेने भागतात. या भागाकारास वनस्पती निर्देशांक म्हणतात; तज्ज्ञांच्या बोलीत तो ‘एनडीव्हीआय’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याचे मूल्य उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असते. उदाहरणादाखल, दाट पालवीच्या बागेने तांबड्या प्रकाशापैकी ४ टक्के आणि अवरक्त प्रकाशापैकी ४० टक्के परत केला असे मानू. वजाबाकी ३६, बेरीज ४४ आणि निर्देशांक सुमारे ०.८२. उघड्या जांभ्याने अनुक्रमे २० आणि २६ टक्के परत केले, तर ६ भागिले ४६ म्हणजे सुमारे ०.१३. खाडीच्या पाण्याने ३ आणि १ टक्का परत केला, तर निर्देशांक उणे ०.५. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही हे गणित फळ्यावर सोडवता येईल. उपग्रहचित्रावर प्रक्रिया करणारा संगणक हेच गणित चित्रातील लक्षावधी बिंदूंसाठी करतो.

माडापासून उपग्रहापर्यंत

भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ एका नारळाच्या झाडापाशी झाला, हे कोकणवासीयांना ऐकून आनंद वाटेल. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळमधील माडांच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त-संवेदी फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. मुळांपासून माड कोमेजून जाण्याच्या रोगाने तेथील बागायतदार हैराण झाले होते. निरोगी आणि रोगट माड अवरक्त छायाचित्रात वेगळे ओळखता येतात, असे या प्रयोगात आढळून आले. डॉ. पिशारोटी यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक मानले जाते ते याच कार्यामुळे.

१९७२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेने पृथ्वीच्या साधनसंपत्तीची पाहणी करणारा पहिला उपग्रह सोडला. पुढे त्यास लँडसॅट-१ हे नाव मिळाले. भारताचा प्रायोगिक भास्कर-१ हा उपग्रह जून १९७९ मध्ये अंतराळात गेला. त्यानंतर १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाने देशाला स्वतःची, नियमित मिळणारी चित्रे उपलब्ध करून दिली. १९९५ मध्ये आयआरएस-१सी आणि २००३ पासून रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रह कार्यरत झाले. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतील दोन उपग्रह २०१५ आणि २०१७ मध्ये सोडण्यात आले व त्यांची चित्रे कोणासही विनामूल्य मिळू लागली. हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र देशासाठी आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी हे काम पाहते.

चित्रबिंदू आणि गुंठा

उपग्रहचित्र म्हणजे छायाचित्र नव्हे, तर अंकांनी भरलेला एक विशाल तक्ता होय. तक्त्यातील प्रत्येक घर, म्हणजेच चित्रबिंदू, जमिनीच्या एका चौकोनी तुकड्याचे प्रतिनिधित्व करतो. त्या तुकड्याच्या आत काय काय आहे हे उपग्रहाला वेगवेगळे दिसत नाही. सर्वांच्या परावर्तनाची सरासरी तेवढी त्याच्या हाती येते.

हा तुकडा केवढा, हे आपल्या परिचयाच्या मापात मोजले तर या शास्त्राची प्रगती चटकन लक्षात येते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. लँडसॅट-१ चा चित्रबिंदू जवळजवळ ८० मीटर बाजूचा होता, म्हणजे त्यात सुमारे ६३ गुंठे, दीड एकराहून अधिक जमीन सामावत असे. आयआरएस-१ए वरील लिस-१ या कॅमेऱ्याचा बिंदू ७२.५ मीटरचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठ्यांचा होता. आयआरएस-१सी पासून वापरात आलेल्या लिस-३ कॅमेऱ्याचा बिंदू २३.५ मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा आहे. सेंटिनेल-२ चा बिंदू १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठ्याचा. रिसोर्ससॅटवरील लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत, म्हणजे गुंठ्याच्या एकतृतीयांशापर्यंत पोहोचतो.

कोकणातील जमीन तुकड्यातुकड्यांची. एकाच सर्व्हे नंबरात घर, परसातील माड-पोफळी, चार काजू, भाताची दोन कुणगी आणि वरकस जमिनीची एक पट्टी असते. ५२ गुंठ्यांच्या बिंदूत हे सारे एकत्र कालवले जात असे. सात-साडेसात मीटर अंतराने लावलेल्या माडांच्या बागेत आज सेंटिनेलच्या एका बिंदूत जेमतेम दोन माड येतात. एकेक झाड मोजण्याइतकी ही दृष्टी तीक्ष्ण नसली, तरी एका खातेदाराची बाग शेजारच्या पडीक जमिनीपासून निराळी ओळखण्यास ती पुरेशी आहे.

कच्च्या अंकांपासून नकाशापर्यंत

उपग्रहाकडून येणारे अंक जसेच्या तसे वापरता येत नाहीत. प्रथम त्यांचे रूपांतर परावर्तनाच्या टक्केवारीत करावे लागते. किनारपट्टीवरील हवेत बाष्प आणि क्षारकण भरपूर. त्यांच्यामुळे विखुरलेला प्रकाशही कॅमेऱ्यात शिरतो. हा वातावरणाचा अंश वजा केला नाही, तर तीच बाग डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी हिरवीगार आणि एप्रिलच्या धूसर दिवशी निस्तेज दिसेल, आणि बागेला रोग पडला असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

दुसरी पायरी म्हणजे चित्र जमिनीवर नेमके बसवणे. रस्त्यांचे तिठे, पूल, बंदराचा धक्का अशी न हलणारी ठिकाणे निवडून चित्रातील त्यांची जागा नकाशातील जागेशी जुळवतात. दोन निरनिराळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहावयाची असतील, तर ही जुळणी एका बिंदूच्या आत असावी लागते. अन्यथा खाडीच्या काठावर प्रत्यक्षात काहीही न घडता कांदळवन एका बाजूने तुटल्याचे आणि दुसऱ्या बाजूने वाढल्याचे दिसू लागते. ढग आणि ढगांच्या सावल्या पुसून टाकणे, ही तिसरी पायरी.

यानंतर आभासी रंगचित्र तयार होते. त्यात अवरक्त किरणांना तांबडा रंग दिलेला असतो. म्हणून घनदाट झाडी गडद लाल, भाताचे पीक फिकट गुलाबी, पाणी काळेनिळे आणि उघडी जमीन राखाडी-हिरवट दिसते. शासकीय कार्यालयांत टांगलेली लाल रंगाची उपग्रहचित्रे पाहून अनेकांचा गोंधळ होतो. त्यातील लाल रंग म्हणजे कोकणची तांबडी माती नव्हे, तर झाडी होय.

अखेरीस वर्गीकरण. काजू बाग कोणती, कांदळवन कोणते, सडा कोणता, हे ठाऊक असलेल्या काही जागा संगणकाला दाखवल्या जातात. त्या जागांचे निरनिराळ्या किरणांतील परावर्तन तो नमुना म्हणून ठेवतो आणि उरलेल्या प्रत्येक बिंदूला सर्वांत जवळच्या नमुन्याच्या गटात टाकतो. संगणकाची हुशारी नमुन्यांच्या सच्चेपणावर अवलंबून असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी घेतलेले नमुने रेडीच्या किनाऱ्यावर लावले, तर नकाशा सुबक येईल, पण खरा येणार नाही.

ऋतूंची साक्ष

एका दिवसाचे चित्र फसवे असू शकते. वर्षभराची चित्रे एकापुढे एक ठेवली म्हणजे प्रत्येक वनस्पतीसमूह आपापली ओळख देऊ लागतो. भाताच्या मळ्याचा निर्देशांक लावणीनंतर झपाट्याने चढतो, सप्टेंबरात शिखर गाठतो आणि कापणीबरोबर कोसळतो. वायंगणाचे भात जेथे होते तेथे उन्हाळ्याच्या तोंडी दुसरे शिखर दिसते. माड, आंबा आणि काजू यांची रेषा वर्षभर बरीचशी सपाट राहते. ऐन-किंजळीच्या पानगळीच्या रानात ती उन्हाळ्यात खाली येते आणि वळवाच्या पावसानंतर पुन्हा उठते. दोडामार्ग तालुक्यात पसरलेली रबराची लागवड दाट सदाहरित रानासारखी भासते खरी; पण थंडीच्या अखेरीस रबराची पाने एकदम गळतात. त्या काळातील चित्र पाहिले की रान आणि रबर वेगळे काढता येतात.

सड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. मे महिन्यातील चित्रात जांभ्याचा सडा निव्वळ उजाड दिसतो आणि वर्गीकरणात ‘पडीक’ किंवा ‘खडकाळ’ गटात जाऊन बसतो. पाऊस पडताच तोच सडा गवताने आणि तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवे अशा रानफुलांनी भरून जातो. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पुन्हा वाळतो. या अल्पकाळच्या वनस्पतींमध्ये पश्चिम घाट आणि कोकण यांखेरीज अन्यत्र न आढळणाऱ्या जातीही आहेत. उन्हाळी चित्रावरून सड्यावर ‘पडीक’ असा शिक्का बसला, की ती जागा कशासाठीही मोकळी आहे असा समज होतो. चिरेखाण असो वा कारखाना, पहिली नजर तिकडेच जाते. ही चूक उपग्रहाने केलेली नसते. ऋतू न पाहता चित्र निवडणाऱ्याने केलेली असते.

भाजावळीचेही असेच. भात-नाचणीच्या रोपांसाठी जमीन भाजली की तो तुकडा चित्रात काळा दिसतो आणि निर्देशांक उतरतो. कोकणची शेती ठाऊक नसलेला अभ्यासक त्यास वृक्षतोड समजण्याचा संभव असतो.

मात्र वनस्पती सर्वाधिक वाढतात त्याच चार महिन्यांत कोकणचे आकाश ढगांनी झाकलेले असते. प्रकाशावर चालणारे कॅमेरे तेव्हा निरुपयोगी ठरतात. यावर उपाय म्हणजे रडार. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही काम करतात. भाताच्या चिखलणीत साचलेले पाणी रडारला आरशासारखे गुळगुळीत, म्हणून काळे दिसते. रोपे वाढू लागली की तेच खाचर उजळत जाते. भारताने एप्रिल २०१२ मध्ये रिसॅट-१ हा रडार उपग्रह सोडला. भारत आणि अमेरिका यांनी संयुक्तपणे तयार केलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला. त्यावरील लांब लहरींचे रडार झाडाच्या पालवीतून आत शिरून खोड-फांद्यांच्या भरघोसपणाचाही अंदाज देऊ शकते. पावसाळी कोकणाला या तंत्राचा विशेष लाभ होईल.

हिरवे ते सारेच रान नव्हे

उपग्रहाच्या आकड्यांवरून देशात एकदा मोठा वाद झाला होता. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने लँडसॅटच्या चित्रांवरून असा निष्कर्ष काढला, की १९७२-७५ या काळात देशाच्या सुमारे १७ टक्के भूभागावर असलेले वनाच्छादन १९८०-८२ पर्यंत सुमारे १४ टक्क्यांवर आले. भारतीय वन सर्वेक्षणाने १९८७ च्या आपल्या पहिल्या अहवालात १९८१-८३ च्या चित्रांवरून हाच आकडा १९ टक्क्यांहून अधिक दिला. पाहणीचा काळ जवळपास तोच आणि उपग्रहही त्याच मालिकेतील असूनही उत्तरे भिन्न आली. कारण कशाला वन म्हणावयाचे आणि चित्र कसे वाचावयाचे, याविषयीची पद्धती भिन्न होती. पुढे दोन्ही संस्थांना एकत्र बसून आकड्यांचा मेळ घालावा लागला.

आज वन सर्वेक्षणाची व्याख्या निश्चित आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जागेवर झाडांच्या छत्रीने १० टक्के किंवा अधिक जमीन झाकलेली असेल, ती जागा वनाच्छादित. मालक कोणीही असो, झाड कोणतेही असो. या व्याख्येने माडाची बाग, काजूचा मळा आणि आमराई ही सारी ‘वनाच्छादन’ ठरतात. म्हणूनच या अहवालांत सिंधुदुर्ग जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनाच्छादित दिसतो; वनखात्याच्या ताब्यातील जमीन मात्र त्या मानाने फारच थोडी आहे.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि कोकणातील वरकस जमिनीवर आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या काजूच्या सुधारित जातींनी या प्रसारास मोठाच हातभार लावला. शेतकऱ्यांच्या हाती चार पैसे आले आणि उपग्रहचित्रातील हिरवाईही वाढली. परंतु काही ठिकाणी ही बाग उघड्या उतारावर उभी राहिली, तर काही ठिकाणी जुने मिश्र रान तोडून. पहिल्या ठिकाणी निर्देशांक चढला. दुसऱ्या ठिकाणी तो काही काळ उतरून पुन्हा मूळ पातळीवर आला. आरंभीचे आणि अखेरचे अशी दोनच चित्रे पाहणाऱ्यास दुसऱ्या ठिकाणी काही घडलेच नाही असे वाटेल.

याला आणखी एक कारण आहे. पालवी एका मर्यादेपलीकडे दाट झाली की निर्देशांक वाढेनासा होतो. एकाच जातीची काजू बाग आणि अनेक जातींचे थरावर थर असलेले सदाहरित रान, दोन्हींचा आकडा ०.८ च्या आसपास येऊ शकतो. म्हणून तज्ज्ञ निर्देशांकाबरोबरच झाडांच्या ओळींचा पोत, वर्षभरातील चढउतार आणि रडारची नोंद यांचाही आधार घेतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पश्चिम घाटाच्या प्रश्नात दिसून आले. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून घाटाच्या संवेदनशीलतेची प्रतवारी केली. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक भूदृश्य आणि शेती, बागा व वस्त्या असलेले मानवी भूदृश्य वेगळे केले, गाव हा घटक धरला आणि घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्राला संवेदनशील म्हटले. त्यानंतर केंद्र शासनाने वेळोवेळी प्रारूप अधिसूचना काढल्या. ३१ जुलै २०२४ च्या प्रारूपात सहा राज्यांतील ५६,८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचा समावेश आहे. आपले गाव यादीत का आले किंवा का आले नाही, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर पुष्कळदा एखाद्या तुकड्याला संगणकाने ‘बाग’ म्हटले की ‘रान’, यात दडलेले असते.

खाण, खाडी आणि कांदळवन

लोहखनिजाच्या खाणीचा ठसा उपग्रहचित्रात अगदी स्पष्ट उमटतो. लोहाची संयुगे निळा प्रकाश शोषतात आणि तांबडा परत करतात. तांबड्या परावर्तनाला निळ्याने भागले की खाणीचे खड्डे, मुरमाचे ढीग आणि खनिज वाहतुकीचे रस्ते उठून दिसतात. पाण्याने भरलेले जुने खड्डे काळे ठिपके म्हणून ओळखता येतात. पावसाळ्यानंतरच्या चित्रात गाळाने गढुळलेले पाणीही टिपता येते.

याचा उपयोग शासनाने करून घेतला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या खाण निगराणी प्रणालीद्वारे खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काही संशयास्पद बदल झाला आहे काय, हे उपग्रहचित्रांवरून तपासले जाते. २०२१ च्या सुधारित नियमांन्वये मोठ्या खाणपट्ट्यांनी दरवर्षी ड्रोन पाहणीची आणि इतरांनी स्पष्ट उपग्रहचित्रे सादर करावयाची आहेत.

खाण बंद झाल्यावर जमीन पूर्ववत करण्याच्या कामाचे मूल्यमापन मात्र अधिक सावधपणे व्हावयास हवे. गोवा-कोकणच्या खाणपट्ट्यांत मुरमाच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावण्यात आला. तो निकृष्ट जमिनीतही भराभर वाढतो आणि थोड्याच वर्षांत निर्देशांक समाधानकारक येतो. पण त्याच्या सावलीत स्थानिक झाडांची रोपे उगवतात काय, पहिल्या पावसाचे पाणी तांबडे वाहावयाचे थांबले काय, खालच्या मळ्यात गाळ येतो काय, याची उत्तरे आकड्यात नसतात. त्यासाठी ढिगावर चढावे लागते आणि मळ्यात उतरावे लागते.

तेरेखोल खाडीकाठच्या कांदळवनांबाबत परिस्थिती अधिक अनुकूल आहे. कांदळ, तिवर, चिप्पी या झाडांची पालवी दाट आणि पायाखालची जमीन ओली. त्यामुळे अवरक्त वर्णपटाच्या पुढच्या भागातील किरणांचे परावर्तन इतर झाडीपेक्षा कमी असते. या लक्षणावरून कांदळवन बरेच अचूक ओळखता येते. मात्र चित्र ओहोटीच्या वेळचे आहे की भरतीच्या, हे पाहावे लागते. भरतीत लहान रोपे पाण्याखाली जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मध्ये कांदळवनांच्या रक्षणासंबंधी आदेश दिले. तेव्हापासून कांदळवनांच्या उपग्रह-नकाशांना राज्यात प्रशासकीय महत्त्व आले आहे. बांध फुटून खाजणात खारे पाणी शिरले की भातशेतीच्या जागी कांदळवन उभे राहते, ही कोकणातील परिचित घटना होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते गमावलेले शेत, नकाशाच्या दृष्टीने वाढलेले वन. जुन्या चित्रांची मालिका पाहिल्यास बांध साधारण कोणत्या वर्षी फुटला, हे सांगता येते आणि वादाला पुराव्याचा आधार मिळतो.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर बागांची मोठी हानी केली. अशा वेळी वादळापूर्वीचे आणि नंतरचे चित्र ताडून पाहता येते. परंतु उन्मळून पडलेल्या माडाच्या झावळ्या काही दिवस हिरव्याच राहतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशीचे चित्र नुकसान कमी दाखवते. आणि थांबावे तर जूनचे ढग येतात. पंचनाम्याची पथके प्रथम कोणत्या वाडीत पाठवावीत, हे ठरवण्यास उपग्रहचित्र उत्तम. कोणत्या खातेदाराचे किती माड पडले, हे मात्र जागेवर जाऊनच मोजले पाहिजे.

गावाचा वाटा

कोणत्याही उपग्रह-नकाशाची किंमत जमिनीवरील पडताळणीने ठरते, आणि या पडताळणीसाठी गावाइतका जाणकार दुसरा कोणी नाही. समजा, नकाशावरील ५० ठिकाणे निवडून प्रत्यक्ष पाहणी केली आणि ४२ ठिकाणी नकाशा बरोबर निघाला. अचूकता ८४ टक्के झाली. पण खरा बोध उरलेल्या आठ ठिकाणांत असतो. त्यांतील सहा ठिकाणी काजू बागेला ‘दाट वन’ म्हटले असेल, तर त्या गावाच्या वनक्षेत्राचा आकडा कोणत्या दिशेने चुकला आहे हे लगेच कळते.

हे काम शाळा करू शकतात. दहा-वीस ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि थंडीच्या अखेरीस जाऊन तारीख, प्रमुख झाडे, सावलीचे अंदाजे प्रमाण आणि जमिनीचा ओलावा नोंदवावा. भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांश आणि छायाचित्र घ्यावे. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर त्या ठिकाणचे उपग्रहचित्र पाहून तुलना करावी. भूगोल, गणित आणि विज्ञान हे तिन्ही विषय एकाच उपक्रमात शिकवले जातील.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करण्यात आल्या आहेत. सुरंगीची झाडे कोठे आहेत, देवराईत कोणते वृक्ष आहेत, कोणत्या सड्यावर पावसाळी पाणी साचते, ही माहिती या नोंदवहीत असावी आणि तिच्याबरोबर अक्षांश-रेखांशही असावेत. म्हणजे ती उपग्रहचित्रावर बसवता येईल आणि पुढील वर्गीकरणात खरा नमुना म्हणून वापरता येईल. प्रारूप अधिसूचनेवर किंवा खाणीच्या जनसुनावणीत हरकत नोंदवताना ‘आमचे गाव हिरवे आहे’ किंवा ‘आमच्याकडे रान नाहीच’ असे मोघम म्हणण्यापेक्षा, तारीखवार चित्रे आणि जागेवरील नोंदी पुढे ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीचे म्हणणे अधिक वजनदार ठरते.

अधिकारी वर्गानेही नकाशा हाती येताच चार प्रश्न अवश्य विचारावेत. चित्र कोणत्या महिन्याचे आहे? एक चित्रबिंदू किती गुंठ्यांचा आहे? ‘वन’ या शब्दाची व्याख्या कोणती धरली आहे? आणि जमिनीवरील पडताळणी कोणी, किती ठिकाणी केली? या प्रश्नांची उत्तरे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली असतील, तर तो नकाशा निर्णयासाठी वापरण्याजोगा समजावा. नसतील, तर तो परत पाठवून उत्तरे मागवावीत. रेडीचा सडा पडीक ठरतो की पावसाळी कुरण, बांधापलीकडचे खाजण शेत ठरते की कांदळवन, आणि खाणीचा ढीग खरोखर सावरला आहे की नुसता हिरवा झाला आहे, हे सारे या चार उत्तरांवर अवलंबून आहे.